लॅपटॉप तापतो, पंखा ओरडतो : दुकानदाराने काय करावे?

हल्ली दुकानाच्या गादीवर खतावणीच्या जागी लॅपटॉप आला आहे. जीएसटीची बिले, उधारीचा हिशेब, भरतकामाचे डिझाइन असे सारे त्यातच असते. म्हणून तो ऐन सीझनमध्ये बंद पडला तर धंदाच अडतो. मात्र बंद पडण्यापूर्वी तो बहुधा सूचना देतो. पंख्याचा आवाज ही त्यापैकी पहिली सूचना. ती समजून घेतली तर मोठा खर्च टळू शकतो.

प्रथम रचना पाहू. लॅपटॉपमधील प्रोसेसर काम करताना तापतो. त्याची उष्णता तांब्याच्या नळीतून बारीक धातूच्या पट्ट्यांच्या जाळीपर्यंत जाते. पंखा बहुधा खालच्या फटींतून हवा ओढतो आणि या जाळीतून बाहेर फेकतो. पंखा व जाळी यांच्यामध्ये धूळ बसली की हवा अडते, उष्णता साचते आणि पंखा आणखी वेगाने फिरतो. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की बहुतेक प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतात. "लॅपटॉप जुना झाला, स्लो चालतो" ही तक्रार कित्येकदा केवळ धुळीची असते. त्यासाठी नवा घेण्याची घाई करू नये.

आपल्या व्यवसायांत हा त्रास अधिक. मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागाशेजारच्या ऑफिसात कापसाची तूस उडते, सुताराकडे भुसा, शिंप्याकडे कापडाचे तंतू. तूस जाळीवर नमद्यासारखी बसते. शिवाय अनेक कंपन्या लॅपटॉपसाठी खोलीचे तापमान ३५ अंशांपर्यंत असावे असे सांगतात. अकोला किंवा सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, हे लक्षात घ्यावे.

दोष ओळखण्यासाठी कान आणि तळहात पुरेसे आहेत.

१) एकसारखा सूं-सूं आवाज आणि बाहेर जोरात गरम हवा : पंखा ठीक आहे, कामाचा भार जास्त आहे. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. विनाकारण चालणारा प्रोग्राम दिसला तर बंद करा. फुकटच्या चोरीच्या सॉफ्टवेअरमधून कधी कधी असा प्रोग्राम शिरतो, जो आपल्या मशीनवर गुपचूप दुसऱ्यासाठी डिजिटल चलन तयार करीत राहतो.

२) आवाज मोठा, अंग गरम, पण हवा कमी : जाळी तुंबली आहे. सफाई हवी.

३) घरघर किंवा खडखड : पंख्याचे बेअरिंग झिजले आहे किंवा पात्याला काही लागते आहे. पंखा बदलावा लागू शकतो.

४) अंग तापलेले, पण आवाजही नाही आणि हवाही नाही : पंखा थांबला असण्याची शक्यता आहे. काम थांबवून लॅपटॉप लगेच बंद करा.

सफाईपूर्वी हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. वॉरंटी शिल्लक असेल तर स्वतः खोलू नका, कंपनीच्या सेंटरवर द्या. नसेल तर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, हातपंपाच्या ब्लोअरने थोडी थोडी हवा मारा. त्या वेळी पाते काडीने अडवून धरा. हवेच्या जोराने ते भरधाव फिरले तर बिघडते.

कारागिराच्या हाताला सवयीने जे सुचते ते येथे करू नये. कारखान्याच्या कंप्रेसरची हवा मारू नका, कारण तिच्यात पाणी व तेलाचा अंश असतो आणि दाबही फार असतो. पंख्यात शिलाई मशीनचे तेल सोडू नका. ते बाहेर पसरते व त्यावर तूस चिकटते.

मेकॅनिककडे दिल्यास थर्मल पेस्टबद्दल विचारा. प्रोसेसर व तांब्याचा भाग यांमधील सूक्ष्म फटी ही पेस्ट भरते. काही वर्षांत ती वाळते. सफाईसाठी तो भाग काढला असेल तर जुनी पेस्ट पुसून नवी लावलीच पाहिजे. बदललेला पंखा परत मागून घ्या. दुरुस्तीनंतर अर्धा तास तेथेच चालवून पाहा.

लॅपटॉपची पाठ फुगली किंवा टचपॅड वर उचलला गेला तर बॅटरी फुगल्याची शंका घ्यावी. चार्जिंग व वापर दोन्ही बंद करा. बॅटरी दाबू नका, टोचू नका.

शेवटी रोजची सवय. गादीत खालच्या फटी बुजतात, म्हणून लॅपटॉप लाकडी डेस्कवर किंवा पाटावर ठेवा आणि मागची कड दोन बोटे उचला. तुशीच्या ठिकाणी दर दोन-तीन महिन्यांनी जाळी पाहा. आपण मागाला, मशीनला वेळेवर साफ करतो. हिशेब सांभाळणाऱ्या या यंत्राचाही तेवढा हक्क आहे.