बारा व्होल्टमधून दोनशे : एका अनपेक्षित उत्तराचा अभ्यास

कोठीच्या गुजराती गल्लीत ट्रान्झिस्टर, रोध, कंडेन्सर अशा सुट्या भागांची दुकाने आहेत. आमचे विद्यार्थी तेथूनच माल आणतात. परंतु एक जोडणी चुकली की ट्रान्झिस्टर जळतो आणि घरच्यांना पुन्हा पैसे मोजावे लागतात. म्हणून आम्ही मुलांना आधी सर्किट संगणकावर रचून पाहावयास सांगतो. यास सिम्युलेशन म्हणतात. अमेरिकेतील बर्कले येथे तयार झालेला ‘स्पाइस’ हा कार्यक्रम १९७३ साली पुढे आला, आणि आजची अशी बहुतेक साधने त्याच वंशातली आहेत. मुंबईच्या आय. आय. टी.ने ‘ईसिम’ नावाचे साधन विनामूल्य दिले आहे. त्याच्या पोटात ‘एनजीस्पाइस’ काम करते.

आमच्या अभ्यासवर्गातील एका मुलीने त्यावर एका ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर रचला. पुरवठा १२ व्होल्ट, बेसला वर ४७ हजार व खाली १० हजार ओहम, कलेक्टरला ३.९ हजार, एमिटरला १ हजार ओहम, आणि एमिटरच्या रोधाला समांतर १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. उत्तर आले, बाहेर सुमारे २०० व्होल्ट !

“बेटी, बारा व्होल्टच्या पुरवठ्यातून दोनशे कसे निघतील? कोठे तरी चुकलीस. पुन्हा कर,” असे आम्ही म्हणालो. तिने तीन वेळा केले. उत्तर तेच. चौथ्या दिवशी वही पाहिली तो २०० खोडून तेथे १० लिहिलेले. “सर, आपण म्हणालात म्हणून बाराच्या आतले लिहिले,” ती म्हणाली.

त्या रात्री आम्ही स्वतः ते सर्किट मांडले, आणि चूक आमची निघाली. संगणक अशा सर्किटाची तपासणी दोन रीतींनी करतो. पहिल्या रीतीत तो प्रथम स्थिर दाब काढतो आणि मग त्या बिंदूपाशी ट्रान्झिस्टरची वाकडी रेषा सरळ धरून चालतो. सरळ रेषेला अंत नसतो. पुरवठा बाराच व्होल्टचा आहे, ही मर्यादा त्या हिशेबात येतच नाही. आत १ व्होल्ट धरायचा तो केवळ सोयीसाठी, म्हणजे बाहेरचा आकडा हाच वाढीचा आकडा होतो. २०० म्हणजे दोनशे पट, दोनशे व्होल्ट नव्हेत.

दुसऱ्या रीतीत संगणक क्षणाक्षणाचा हिशेब करतो. येथे आत १ मिलिव्होल्ट दिला तर बाहेर सुमारे ०.२ व्होल्टची लाट दिसते. १०० मिलिव्होल्ट दिले तर २० व्होल्ट हवेत, ते मिळायचे कोठून? लाट वर १२ व्होल्टला अडते, खाली ट्रान्झिस्टर पूर्ण उघडला की दीड व्होल्टच्या आसपास थांबते, आणि दोन्हीकडून चपटी होते. म्हणजे दोन्ही उत्तरे खरी. प्रश्न मात्र निरनिराळे.

उत्तर अनपेक्षित आले तर पुढील क्रमाने पाहावे.

पहिले, जमीन. सर्किटाचा एक बिंदू शून्य म्हणून नेमलेला हवा. नसेल तर हिशेबच अडतो.

दुसरे, आकड्यामागचे अक्षर. स्पाइसमध्ये ‘एम’ म्हणजे मिली, मग ते अक्षर मोठे असो वा लहान. एक मेगओमसाठी ‘मेग’ ही तीन अक्षरे लिहावी लागतात. नुसते ‘एम’ लिहिले तर दहा लाख ओहमऐवजी ओहमचा हजारावा भाग होतो.

तिसरे, स्थिर दाब. तो आधी कागदावर काढावा. आमच्या सर्किटात बेसला सुमारे २, एमिटरला १.४ आणि कलेक्टरला ६.६ व्होल्ट येतात. कलेक्टरला १२ दिसले तर ट्रान्झिस्टर बंद आहे, आणि तो दाब एमिटरच्या जवळ आला तर पूर्ण उघडा आहे. दोन्ही अवस्थांत नीट वाढ होणार नाही.

चौथे, एमिटरचा कंडेन्सर आणि बाहेरचा भार. तो कंडेन्सर सुटला तर वाढ दोनशेवरून चारेक पटीवर येते. १० हजार ओहमचा भार जोडला तर ती दीडशेच्या आसपास उतरते.

पाचवे, काळाचे पाऊल. हजार आवर्तनांच्या लाटेस एक मिलिसेकंद लागतो. त्यात चारच बिंदू घेतले तर लाट कोनाकोनाची दिसेल. शंभर घेतले तर गोल दिसेल.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर आम्ही त्या मुलीस म्हणालो, “तुझे उत्तर बरोबर होते, आमचे बोलणे चुकले. खोडलेला आकडा पुन्हा लिही.” तिने २०० लिहिले आणि त्यापुढे ‘पट’ हा शब्द जोडला. पुढे गल्लीतून भाग आणून तिने तो अँप्लिफायर हातांनी जोडला. मीटरवर कलेक्टरला ६.६ ऐवजी ६.९ व्होल्ट आले. बाजारातले रोध पाच टक्क्यांनी इकडे-तिकडे असतात, तेव्हा एवढा फरक व्हावयाचाच. तिने तो आकडा न खोडता वहीत तसाच ठेवला आणि शेजारी त्याचे कारण लिहिले.