१४० किलो वजन आणि पहिली धाव

प्रश्न : वजन १४० किलो असताना पळायला सुरुवात करता येईल का?

उत्तर : येईल, आधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हृदय तपासून घ्यावे.

जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये आखलेला ‘काउच टू फाइव्ह के’ हा नऊ आठवड्यांचा कार्यक्रम नवशिक्यांत लोकप्रिय आहे. त्याची सुरुवात ६० सेकंद धावणे, ९० सेकंद चालणे अशी, आठवड्यातून तीनदा. इतक्या वजनाला मात्र तोही घाईचाच. दम काही आठवड्यांत वाढतो, हाडे आणि कंडरा सावरायला महिने घेतात; दम पुरतोय म्हणून वेग वाढवणारे नेमके इथेच जायबंदी होतात. सलग अर्धा तास न दुखता चालता येईपर्यंत धावणे नाहीच. मग १५-२० सेकंदांची, बोलता येईल इतकी संथ धाव.

मांड्या घासून सोलवटतात, हे सहसा कुणी सांगत नाही! पेट्रोलियम जेली लावावी. छातीत दुखले तर तिथेच थांबून डॉक्टरांना गाठावे.