वस्ती, संस्था आणि वाङ्मय : शिकागोच्या साउथ साइडचे एक अध्ययन

१

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या जीवनाशी मराठी विचारविश्वाचा संबंध जुना आहे. महात्मा फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांस अर्पण केला होता. पुढे १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ने आपले नाव १९६६ मध्ये ऑकलंड येथे निघालेल्या ‘ब्लॅक पँथर पार्टी’वरून घेतले. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या साहित्याचा व संस्कृतीचा सविस्तर परिचय मराठी वाचकांना करून दिला. त्यामुळे दलित साहित्य व कृष्णवर्णीय साहित्य यांची तुलना हा तौलनिक अभ्यासाचा एक रूढ विषय झाला.

तथापि ह्या तुलनेत बहुधा वेदना, नकार व विद्रोह ह्या भावांची साम्येच नोंदविली जातात. हे भाव ज्या वस्तीत आकारास आले, त्या वस्तीने आपल्या वाचनाची, लेखनाची व प्रकाशनाची कोणती व्यवस्था उभी केली, हा प्रश्न मागे राहतो. वस्ती ही केवळ दुःखाची पार्श्वभूमी मानली की तेथील माणसांचे कर्तृत्व अभ्यासकाच्या दृष्टीआड होते, आणि साहित्यकृतीचे स्वरूपही अर्धवटच समजते. शिकागो शहराचा साउथ साइड हा भाग ह्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. रिचर्ड राइट, ग्वेंडोलिन ब्रूक्स व लोरेन हॅन्सबेरी ह्या तीन प्रमुख लेखकांचे लेखन ह्या एकाच भागातून घडले. आणि त्याच भागात कृष्णवर्णीयांनी उभारलेल्या संस्थांचा इतिहासही सलगपणे पाहता येतो.

२

दक्षिणेकडील राज्यांतील वंशभेद, हिंसाचार व शेतीतील कर्जबाजारीपणा यांना कंटाळून १९१० ते १९७० ह्या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीयांनी उत्तरेकडे व पश्चिमेकडे स्थलांतर केले. शिकागोतील त्यांची संख्या १९१० मध्ये सुमारे ४४ हजार होती. ती १९३० मध्ये सुमारे २ लाख ३४ हजार झाली. ह्या स्थलांतरामागे एका वृत्तपत्राचाही हात होता. रॉबर्ट ॲबट यांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या ‘शिकागो डिफेंडर’चे अंक रेल्वेच्या शयनयानांत काम करणारे कृष्णवर्णीय नोकर दक्षिणेत नेऊन पोहोचवीत. उत्तरेतील रोजगाराच्या वार्ता अशा रीतीने खेडोपाडी गेल्या.

परंतु उत्तरेत आलेल्या ह्या लोकांना शहरात हवे तेथे राहता येत नव्हते. जुलै १९१९ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठी सुरू झालेल्या वांशिक दंगलीत २३ कृष्णवर्णीय व १५ गौरवर्णीय मृत्युमुखी पडले. त्यानंतरच्या काळात घरमालकांनी आपसांत करार करून कृष्णवर्णीयांस घर न विकण्याचे व भाड्याने न देण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले. लोकसंख्या वाढत गेली, वस्तीची सीमा मात्र जवळजवळ तेथेच राहिली. परिणामी मोठ्या सदनिकांचे तुकडे पाडून एकेका खोलीत एकेक कुटुंब राहू लागले. स्वयंपाक, झोपणे व बसणे त्याच खोलीत. स्नानगृह सर्व मजल्यास मिळून एक. ह्या खोल्यांस ‘किचनेट’ म्हणत. अशी खोली मालकास पूर्वीच्या सदनिकेपेक्षा अधिक उत्पन्न देत असे.

ह्या एका खोलीने तीन लेखकांना तीन निराळ्या वाङ्मयीन रचना दिल्या. राइट यांच्या ‘नेटिव्ह सन’ (१९४०) ह्या कादंबरीचा प्रारंभ अशाच खोलीत शिरलेल्या उंदराच्या शिकारीने होतो. नायक बिगर ज्या धनिकाकडे वाहनचालक म्हणून कामास राहतो, तोच त्या खोलीच्या मालकीच्या कंपनीचा सूत्रधार असतो, आणि कृष्णवर्णीयांच्या कल्याणासाठी देणग्याही देत असतो. भाडे घेणारा हात व दान देणारा हात एकच आहे, हे कादंबरीतील मर्म केवळ मनोविश्लेषणाने उलगडत नाही. त्यासाठी वस्तीचे अर्थशास्त्र जाणावे लागते.

ब्रूक्स यांच्या ‘अ स्ट्रीट इन ब्राँझव्हिल’ (१९४५) ह्या पहिल्या संग्रहात तीच खोली येते, पण तिचा स्वर भिन्न आहे. तेथे स्वप्नाची बरोबरी तळणीच्या वासाशी व भाड्याच्या चिंतेशी होते. स्नानगृह रिकामे झाल्याचे कळताच कोमट पाण्याची आशा स्वप्नाच्या विचारास मागे सारते. राइट यांना जेथे स्फोटाची सामग्री दिसली, तेथे ब्रूक्स यांना नित्य जगण्याचा विनोद व प्रतिष्ठा दिसली.

हॅन्सबेरी यांच्या ‘अ रेझिन इन द सन’ (१९५९) ह्या नाटकात कुटुंब त्या घरातून बाहेर पडण्याचा निर्णय घेते. विम्याच्या दहा हजार डॉलरांतून आई गौरवर्णीयांच्या मोहल्ल्यात घर घेते. आणि तेथील रहिवाशांचा प्रतिनिधी, तुम्ही येऊ नये म्हणून पैसे देतो, असा प्रस्ताव घेऊन येतो. हा प्रसंग लेखिकेच्या अनुभवाशी निगडित आहे. तिचे वडील कार्ल हॅन्सबेरी यांनी १९३७ मध्ये निर्बंध असलेल्या भागात घर घेतले होते. त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९४० मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला; पण तो न्यायप्रक्रियेच्या मुद्द्यावर. असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत हे तत्त्व १९४८ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात प्रस्थापित झाले.

३

वस्तीच्या कोंडीची ही बाजू झाली. तिची दुसरी बाजू म्हणजे त्याच कोंडीत निर्माण झालेले संस्थाजीवन. जानेवारी १९३२ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या रस्त्यावर सार्वजनिक ग्रंथालयाची ‘हॉल’ शाखा सुरू झाली. ग्रंथालय मंडळाचे कृष्णवर्णीय सभासद डॉ. जॉर्ज क्लीव्हलंड हॉल यांनी तिच्यासाठी प्रयत्न केले होते व शाखेस त्यांचेच नाव देण्यात आले. शिकागोतील शाखा-ग्रंथालयाच्या पहिल्या कृष्णवर्णीय प्रमुख व्हिव्हियन हार्श यांनी तेथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा व वाङ्मयाचा स्वतंत्र संग्रह जमविला आणि नियमित ग्रंथचर्चेचा उपक्रम चालविला. १९५८ मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांचा संग्रह १९७५ मध्ये वुडसन प्रादेशिक ग्रंथालयात गेला व आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ज्या अभ्यासकांना शिकागोतील लेखकांची मूळ कागदपत्रे पाहावयाची असतात त्यांना ह्या संग्रहाकडे यावे लागते. एका शाखा-ग्रंथपालाने विद्यापीठांच्या कितीतरी आधी एका साहित्याचे महत्त्व ओळखले होते, असा ह्याचा अर्थ होतो.

‘साउथ साइड कम्युनिटी आर्ट सेंटर’चा इतिहासही असाच आहे. मंदीच्या काळात केंद्र शासनाच्या कलायोजनेतून शिक्षकांचे वेतन मिळू शकत होते. परंतु जागा लोकांनी द्यावयाची होती. दहा-दहा सेंटांची नाणी गोळा करण्याची मोहीम निघाली, समारंभ झाले, आणि मिशिगन ॲव्हेन्यूवरील एक जुना वाडा विकत घेण्यात आला. १९४० मध्ये सुरू झालेल्या ह्या केंद्राचे रीतसर उद्घाटन १९४१ मध्ये एलिनॉर रूझवेल्ट यांच्या हस्ते झाले. शासकीय साहाय्य १९४३ मध्ये थांबले, केंद्र मात्र थांबले नाही. कारण वास्तू वस्तीची होती. ब्रूक्स यांनी ज्या काव्यशिबिरात छंदांचे शिक्षण घेतले ते ह्याच केंद्रात भरत असे. १९५० मध्ये ‘ॲनी ॲलन’साठी पुलित्झर पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखक ठरल्या. त्यामागे व्यक्तिगत प्रतिभा होतीच, पण नाण्यानाण्याने उभे राहिलेले एक दालनही होते. केंद्राच्या संस्थापकांपैकी मार्गारेट बरोज यांनी १९६१ मध्ये स्वतःच्या घरात वस्तुसंग्रहालय सुरू केले. तेच पुढे दुसाबल संग्रहालय म्हणून प्रसिद्धीस आले.

४

संस्था व साहित्यकृती यांचा संबंध १९६७ नंतर अधिक ठळक झाला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये त्रेचाळिसावा रस्ता व लँग्ली ॲव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावरील एका जीर्ण इमारतीच्या भिंतीवर चित्रकारांच्या गटाने कृष्णवर्णीय नायक-नायिकांची चित्रे रंगविली. ह्या ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’वर माल्कम एक्स, मुहम्मद अली, नीना सिमोन यांच्यासह ब्रूक्स यांचेही चित्र होते. भिंतीच्या समर्पणप्रसंगी ब्रूक्स यांनी रस्त्यावर जमलेल्या लोकांसमोर कविता वाचली. त्याच वर्षी हाकी मधुबुटी (तेव्हाचे डॉन एल. ली) यांनी सहकाऱ्यांसह एका तळघरातील बिऱ्हाडात सायक्लोस्टाइल यंत्रावर ‘थर्ड वर्ल्ड प्रेस’ची सुरुवात केली. डेट्रॉइटमध्ये डडली रँडल यांचे ‘ब्रॉडसाइड प्रेस’ १९६५ पासून चालू होते.

न्यूयॉर्कच्या ‘हार्पर’ ह्या मोठ्या प्रकाशनसंस्थेने ब्रूक्स यांचा ‘इन द मेक्का’ (१९६८) हा संग्रह काढला. शीर्षककवितेतील मेक्का ही साउथ साइडवरील प्रचंड निवासी इमारत १९५२ मध्ये एका तंत्रशिक्षण संस्थेच्या आवारासाठी पाडण्यात आली होती. कवितेत एक आई तिच्या मजल्यामजल्यांवर हरवलेली मुलगी शोधीत फिरते. ह्यानंतर ब्रूक्स यांनी ‘रायट’ (१९६९) ब्रॉडसाइडला दिला आणि पुढील काळात ‘टु डिसएम्बार्क’ (१९८१) थर्ड वर्ल्ड प्रेसला. प्रतिष्ठित प्रकाशक सोडून लहान छापखान्याकडे जाण्याने वितरण व समीक्षकांचे लक्ष दोन्ही घटले. परंतु कवितेचा संबोधित बदलला. पूर्वी वस्तीबाहेरच्या वाचकास वस्ती समजावून देण्याचा भार कवितेवर होता. आता शेजाऱ्याशीच बोलावयाचे असल्याने तो उतरला. मुक्त रचनेकडे व थेट उच्चाराकडे झालेले त्यांचे वळण बहुधा राजकीय मतपरिवर्तन म्हणून सांगितले जाते. ते प्रकाशनव्यवस्थेतील परिवर्तनही होते.

५

ह्या संस्थाजीवनाचे गौरवीकरण मात्र टाळावयास हवे. संस्कृतीच्या संस्था उभ्या राहत असतानाच गृहव्यवस्था ढासळत होती. गृहकर्जांना हमी देणारी केंद्रीय संस्था कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना धोक्याच्या मानून वगळीत असे. बँकेचे कर्ज न मिळाल्याने लोक सट्टेबाजांकडून हप्त्यांच्या करारावर घरे घेत. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी मिळत नसे, आणि एखादा हप्ता चुकल्यास घर व भरलेली रक्कम दोन्ही जात. शिकागोच्याच वेस्ट साइडवरील लॉन्डेल भागात १९६८ मध्ये अशा खरेदीदारांनी संघ स्थापन केला. आपापले करार एकमेकांसमोर उघड करणे ही त्यांची पहिली कृती होती, कारण फसवणूक लज्जेपायी झाकली जात होती. त्यांनी हप्ते रोखून धरले. न्यायालयातील दावे अखेरीस यशस्वी झाले नाहीत. तथापि अनेक करार नव्या अटींवर करून घेण्यात संघास यश आले.

दुसरीकडे १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या रॉबर्ट टेलर गृहसंकुलात सोळा मजल्यांच्या २८ इमारतींत हजारो गरीब कुटुंबे एकत्र कोंडली गेली. त्यांतील शेवटची इमारत २००७ मध्ये पाडण्यात आली. ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ची इमारतही वस्तीच्या मालकीची नव्हती, १९७१ मधील आगीनंतर ती पाडली गेली. वाडा विकत घेतलेले कलाकेंद्र टिकले, परक्या भिंतीवरील चित्र टिकले नाही, हा भेद पुरेसा बोलका आहे. शिकागोतील कृष्णवर्णीयांची संख्या १९८० मधील सुमारे १२ लाखांवरून २०२० मध्ये ८ लाखांच्या खाली आली. लोकच गेले तर संस्था कोणाच्या, हा प्रश्न ह्या वस्तीपुढे आहे. २०१५ मध्ये ब्राँझव्हिलमधील डायेट माध्यमिक शाळा बंद करण्यात आली, तेव्हा पालक व कार्यकर्ते मिळून १२ जणांनी ३४ दिवस उपोषण केले. २०१६ मध्ये शाळा पुन्हा उघडली. पण उपोषणकर्त्यांनी सुचविलेला जागतिक नेतृत्व व हरित तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम बाजूस ठेवून तिला कलाशिक्षणाचे रूप देण्यात आले. शाळा मिळाली, शाळा कशी असावी हे ठरविण्याचा अधिकार पुरता मिळाला नाही.

६

ह्या अध्ययनातून भारतीय तौलनिक समीक्षेस काही प्रश्न मिळतात. वंश व जात ह्या एकरूप व्यवस्था नव्हेत. म्हणून दुःखाच्या साम्यावर उभारलेली तुलना लवकरच संपते. साहित्य वाचकापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते ह्याची तुलना मात्र दूरवर नेता येते. ‘नेटिव्ह सन’ला डॉरथी कॅनफिल्ड फिशर ह्या प्रस्थापित गौरवर्णीय लेखिकेची प्रस्तावना होती, नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’स (१९७२) विजय तेंडुलकर यांची. दोन्ही ठिकाणी वस्तीबाहेरच्या वाचकास वस्तीत नेण्यासाठी एक मान्यवर वाटाड्या लागला. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने औरंगाबादेत जे केले, त्याचा विचार ‘थर्ड वर्ल्ड प्रेस’शेजारी ठेवून व्हावयास हवा: नियतकालिकाच्या पानांवर वाटाड्याची गरज कोठे संपली, लेखकाची भाषा त्यामुळे कशी बदलली, आणि वर्गणीदार कोण होते.

त्याहून निकडीचा प्रश्न संग्रहाचा आहे. हार्श यांच्यासारखा ग्रंथपाल लाभल्याने शिकागोतील हस्तलिखिते, पत्रके व पत्रव्यवहार वाचले. मराठीतील सायक्लोस्टाइल अनियतकालिके, दलित साहित्य संमेलनांची पत्रके व वस्त्यांतील वाचनालयांच्या नोंदवह्या ज्या घरांत पडून आहेत, त्या घरांपर्यंत अभ्यासक पोहोचले नाहीत तर तुलनेसाठी केवळ छापील संग्रह उरतील. छापील संग्रह कवीचा स्वर सांगतात. वस्तीने तो स्वर कसा जोपासला हे सांगण्यास ते अपुरे आहेत.