तापमापकातील शून्य कोठे असते?



घरात लहान मूल तापले की आपण म्हणतो, "पोराला १०२ ताप आहे." त्याच दिवशी बातम्यांत ऐकू येते, "आज पारा ३९ अंशांवर." हे दोन्ही आकडे आपण न गोंधळता वापरतो. मात्र १०२ अंश फॅरनहाइट म्हणजे ३८.९ अंश सेल्सिअस, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आजारी पोराचे अंग आणि एप्रिलची दुपार जवळजवळ सारखीच तापलेली असते. फरक फक्त मोजपट्टीचा.

घरात यामुळे काही बिघडत नाही, शेतात मात्र बिघडते. कळवणला मका व कांदा पिकांवर शेतकऱ्यांशी बोलत असताना एका बागायतदाराने विचारले, "सर, काल सकाळी मळ्यात पारा १६ होता, आज ८ आहे. म्हणजे उष्णता निम्मी झाली ना?" प्रश्न साधा वाटला, तरी उत्तराला अर्धा तास लागला. तेच उत्तर येथे सविस्तर देत आहे.

आधी तापमापक नीट पाहावा. बऱ्याच तापमापकांवर एका बाजूला सेल्सिअसचे आणि दुसऱ्या बाजूला फॅरनहाइटचे आकडे असतात. त्या बागायतदाराचे १६ आणि ८ हे आकडे दुसऱ्या बाजूला ६०.८ आणि ४६.४ असे दिसतात. तेथे निम्मे कोठे आहे? पारा तोच, सकाळही तीच, पण निम्मेपणा नाहीसा झाला. याचे कारण दोन्ही पट्ट्यांचे शून्य वेगवेगळ्या जागी आहे. एकाच गावाच्या वेशीवर दोन दगड असावेत, एकावर नाशिकपासूनचे अंतर किलोमीटरमध्ये आणि दुसऱ्यावर मालेगावपासूनचे अंतर मैलांत लिहिलेले असावे, असाच हा प्रकार आहे.

हे शून्य माणसांनी आपल्या सोयीने ठरवले. फॅरनहाइट या शास्त्रज्ञाने १७२४ साली आपली पट्टी प्रसिद्ध केली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचे तापमान त्याने शून्य धरले. त्यामुळे नुसत्या बर्फ-पाण्याला ३२ हा आकडा आला. स्वीडनच्या सेल्सिअसने १७४२ साली पाणी गोठण्याच्या व उकळण्याच्या तापमानांमध्ये शंभर भाग पाडले. गंमत अशी की, त्याने उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर म्हटले होते! ही उलटी पट्टी त्याच्या मृत्यूनंतर सरळ करण्यात आली. पुढे १८४८ साली केल्व्हिन यांनी याहून खाली जाताच येत नाही अशा ठिकाणापासून मोजणी सुचवली. ते ठिकाण उणे २७३.१५ अंश सेल्सिअस आहे. त्या पट्टीवर वरील दोन सकाळी सुमारे २८९ आणि २८१ अशा येतात. म्हणजे उष्णता निम्मी तर नाहीच, शंभरात जेमतेम तीन भागांनी कमी झाली.

रूपांतर सर्वांना ठाऊक आहे. फॅरनहाइटच्या आकड्यातून ३२ वजा करावे, ५ ने गुणावे आणि ९ ने भागावे. पण येथे एक खाच आहे. हे ३२ वजा करणे तापमापकावर वाचलेल्या आकड्यासाठी आहे, दोन तापमानांतील फरकासाठी नाही. एका इंग्रजी पुस्तिकेत सावलीच्या जाळीखाली तापमान ९ अंश फॅरनहाइटने कमी राहते असे वाचून आमच्या एका विद्यार्थ्याने ते उणे १२.८ अंश सेल्सिअस असे उतरवले. खरे उत्तर ५ अंश आहे. फरकाला शून्य कोठेही असले तरी चालते, म्हणून तेथे फक्त ५ ने गुणून ९ ने भागावे.

आता कांदा. परदेशी पुस्तकांत कांदा साठवणीसाठी '३२ अंश' असा आकडा आढळतो. तो फॅरनहाइटचा आहे. म्हणजे शून्य अंश सेल्सिअस, आणि तोही ६५ ते ७० टक्के आर्द्रतेच्या शीतगृहात. आपल्या चाळीत उन्हाळ कांदा २५ ते ३० अंश सेल्सिअसला राहतो. कोणी तो ३२ सेल्सिअसचा समजला, तर "आमची चाळ पुस्तकाप्रमाणेच आहे" असे समाधान त्याला मिळेल. चाळीचे फारसे नुकसानही होणार नाही, कारण कांदा उबदार आणि हवेशीर जागीही सुप्तावस्थेत राहतो. वजनात घट येते, पण कोंब लवकर सुटत नाहीत.

नुकसान होते ते मधला मार्ग काढणाऱ्याचे. पुस्तक शून्य सांगते, चाळ ३० सांगते, तेव्हा विजेचा खर्च वाचवून १५ अंशांची खोली करावी, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. पण १० ते २० अंशांच्या दरम्यान कांद्याला कोंब फुटण्यास सर्वात जास्त वाव मिळतो. दोन्ही टोके चालतात, मधले चालत नाही. म्हणून शीतगृहाची चौकशी करताना "किती अंशाला ठेवता?" एवढे विचारून थांबू नये, "कोणते अंश?" हेही विचारावे. आणखी एक गोष्ट, पाणी शून्याला गोठते म्हणून कांदाही शून्याला गोठतो असे नाही. त्याच्या रसात साखर व इतर पदार्थ विरघळलेले असल्याने तो सुमारे उणे ०.८ अंशाला गोठतो. शून्याच्या शीतगृहात तो तग धरतो तो एवढ्याशा फरकावर. यंत्रावरचे नियंत्रण एक-दोन अंशांनी ढिले असेल तर पुढचे सांगायला नको.

मक्याकडे वळू या. 'निम्मे' आणि 'दुप्पट' या शब्दांना खरा अर्थ येतो तो येथे. सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली मक्याची वाढ जवळजवळ थांबते. म्हणजे मक्याचे शून्य १० अंशांवर आहे. यालाच मूळ तापमान म्हणतात. दिवसाचे कमाल व किमान तापमान मिळवून निम्मे करावे आणि त्यातून १० वजा करावे. उरलेली उष्णता पिकाच्या कामाची, तिला अंश-दिवस म्हणतात. कमाल ३० च्या वर गेले तरी ३० च धरतात आणि किमान १० च्या खाली गेले तर १० धरतात.

समजा जानेवारीत एका दिवशी कमाल २४ आणि किमान १० आहे. सरासरी १७, त्यातून १० गेले, राहिले ७. जुलैत कमाल २७ आणि किमान २१ असेल तर सरासरी २४, राहिले १४. आता मात्र बिनधास्त म्हणावे की जुलैच्या त्या दिवशी मक्याला दुप्पट उष्णता मिळाली. फॅरनहाइटमध्ये करून पाहा. सरासरी ६२.६ आणि ७५.२ येते. १० अंश सेल्सिअस म्हणजे ५० फॅरनहाइट, ते वजा केल्यावर १२.६ आणि २५.२ उरतात. येथेही दुप्पटच! शून्य पिकाचे घेतले की पट्टी कोणतीही असो, हिशेब एकच येतो.

म्हणूनच खरिपातला संकरित मका रब्बीत पेरला तर तयार होण्यास काही आठवडे जास्त घेतो. तो आळशी झालेला नसतो, त्याला रोजची मजुरी कमी मिळत असते. समजा एखाद्या अमेरिकी माहितीपत्रकात एका वाणाला २,७०० अंश-दिवस लागतात असे दिले आहे. ते फॅरनहाइटचे आहेत. अंश-दिवस हे फरकांची बेरीज असल्याने ३२ वजा न करता ५ ने गुणून ९ ने भागले की १,५०० येतात. रोज १४ प्रमाणे सुमारे १०७ दिवस झाले. तेच २,७०० सेल्सिअसचे समजले तर १९३ दिवस होतात, आणि एक चांगले वाण "आपल्या हंगामात बसत नाही" म्हणून बाजूला पडते.

मूळ तापमान पिकागणिक बदलते. द्राक्षासाठीही बहुधा १० अंशच धरतात. गहू मात्र थंडीचे पीक, त्याचे मूळ तापमान बरेच खाली आहे. मक्याचा हिशेब गव्हाला लावू नये.

निफाडकडे थंडीची लाट आली की ऐकू येते, "पारा तीनवर होता, तरी पानावरचे दव गोठले." यात खोटे काही नाही. वेधशाळेचा तापमापक सावलीच्या पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर असतो. निरभ्र व शांत रात्री उघड्या आकाशाखालील पान आपली उष्णता झपाट्याने गमावते आणि भोवतीच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड होते. पुण्याच्या कृषी हवामान विभागाचे डॉ. एल. ए. रामदास व एस. आत्मनाथन यांनी १९३२ साली याहून नवलाची गोष्ट दाखवून दिली. अशा रात्री उघड्या जमिनीवरील सर्वात थंड हवा मातीला लागून नसते, ती वीतभर ते हातभर उंचीवर असते. बहुतेक रोपांचे शेंडे नेमके तेथेच असतात! हिवाळ्यात एक तापमापक पिकाच्या उंचीवरही लावावा, तो याचसाठी.

तापमापक नवा असो वा जुना, पाऱ्याचा असो वा बॅटरीवर चालणारा, त्याचे शून्य एकदा तपासून घ्यावे. पेलाभर बर्फ बारीक कुटून त्यात बर्फ बुडेल एवढेच स्वच्छ पाणी घालावे. मीठ अजिबात पडू देऊ नये, नाहीतर आकडा शून्याच्या खाली जाईल. पाण्यात बुडवता येणारा भाग मध्यभागी धरून अधूनमधून ढवळावे आणि दहा मिनिटांनी वाचन घ्यावे. सेल्सिअसचा आकडा ०, फॅरनहाइटचा ३२ यायला हवा. तेथे समजा १.५ दिसले, तर थंडीच्या दिवसांतील नोंदींतून १.५ वजा करत जावे आणि ही चूक तारखेसह चिठ्ठीवर लिहून तापमापकाच्या पाठीवर चिकटवावी.