फिजिक्स घ्यायचं का?

इलेक्ट्रॉनिक्सच्या लॅबमध्ये आपण सगळेच लिहितो: सिलिकॉन डायोड ०.७ व्होल्ट, जर्मेनियम ०.३. रीडिंग जुळलं, जर्नलवर सही झाली, विषय संपला. पण दोघांत फरक का? सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन मोकळा करायला जास्त ऊर्जा लागते म्हणून. हे ‘का’ मेसच्या रांगेतही डोक्यातून जात नसेल, तर पुढे वाचा.

होमी भाभा १९२७ साली केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल इंजिनियरिंग शिकायला. परत येऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात जायचं, ही वडिलांची आणि आत्याचे यजमान दोराबजी टाटा यांची इच्छा. पण १९२८ मध्ये त्यांनी वडिलांना पत्रातून कळवलं की मला फिजिक्सच करायचंय. वडिलांनी अट घातली: आधी इंजिनियरिंगमध्ये फर्स्ट क्लास आण. १९३० मध्ये त्यांनी तो आणला, आणि मगच वाट बदलली. पुढे १९४५ मध्ये त्यांनी टीआयएफआर उभी केली.

म्हणून केटी लागली की फिजिक्सकडे पळू नका. तिथे गणित कमी नाही, जास्तच आहे. खरी आवड असेल तर आधी डिग्री नीट पूर्ण करा. टीआयएफआर किंवा पुण्याच्या आयुकामध्ये पीएचडीसाठी इंजिनियरिंगवालेही अर्ज करू शकतात.

तोवर एक प्रयोग करा. सुट्टीत, परीक्षा नसताना, क्वांटम मेकॅनिक्सचं एक प्रकरण गणितांसकट सोडवा. झोप आली तर आपली ब्रँचच बरी. जेवायची वेळ टळली तरी कळलं नाही, तर घरी फोन करा. भाभांनीही घरी स्पष्ट सांगितलंच होतं ना!