धोक्याची तुलना कशी करावी?

ज्वारीच्या बियाण्यास गंधक चोळल्याने काणी रोग कमी होतो, हे पटविण्यासाठी शेजारी गंधक न चोळलेल्या बियाण्याचा वाफा ठेवावा लागतो. आरोग्यविषयक उपायांची पारखही याच रीतीने होते. उपाय मिळालेल्या गटातील धोक्यास तो न मिळालेल्या गटातील धोक्याने भागले असता येणाऱ्या संख्येस सापेक्ष धोका म्हणतात.

रीत

(१) प्रत्येक गटातील रोगी किंवा मृतांच्या संख्येस त्या गटातील एकूण व्यक्तींच्या संख्येने भागावे व हजाराने गुणावे.

(२) उपाय मिळालेल्या गटाच्या प्रमाणास दुसऱ्या गटाच्या प्रमाणाने भागावे.

(३) उत्तर १ आल्यास फरक नाही. १ हून कमी आल्यास उपाय मिळालेल्या गटात धोका कमी, अधिक आल्यास अधिक.

उदाहरण

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावच्या आरोग्यसेवकांस व सुइणींस बालकांचा न्यूमोनिया ओळखून औषध देण्यास शिकविले. १९८८-८९ मधील एका वर्षाच्या कार्यानंतर तेथे पाच वर्षांखालील दर हजार बालकांमागे न्यूमोनियाचे ८.१ मृत्यू आढळले. तुलनेच्या गावांत १७.५. भागाकार ०.४६ येतो. म्हणजेच धोका शेकडा ५४ ने कमी होता.

अर्थ लावताना

भागाकारासोबत वजाबाकीही करावी. वरील उदाहरणात फरक हजारी ९.४ मृत्यूंचा आहे. समजा, एका रोगाचे मृत्यू हजारी २० वरून १० वर आले आणि दुसऱ्याचे लाखात २ वरून १ वर. दोहोंचा सापेक्ष धोका ०.५ च, परंतु पहिल्यात हजारी दहा जीव वाचतात, दुसऱ्यात लाखात एक. म्हणून “धोका निम्मा होतो” असे कोणी सांगितल्यास “कितीवरून किती?” असे अवश्य विचारावे. पैसा व श्रम कोठे लावावयाचे, हे त्या उत्तरावर ठरते.

दोन्ही गट मुळात सारखे होते काय, हेही पाहावे. काळ्या जमिनीतील पिकाची तुलना मुरमाड जमिनीतील पिकाशी करीत नाहीत. तसेच दोन-चार घरांच्या अनुभवावरून निष्कर्ष काढू नये.

सरावासाठी

खंडाळा तालुक्यातील एका गावाचा हा कल्पित हिशेब आहे. पाणी शुद्ध करून पिणाऱ्या ४०० जणांपैकी ८ जणांस व तसेच पिणाऱ्या ३०० जणांपैकी १५ जणांस अतिसार झाला. सापेक्ष धोका व हजारी फरक काढावा.

उत्तर : प्रमाण हजारी २० व ५०, सापेक्ष धोका ०.४, फरक हजारी ३०.