कपाळाच्या त्वचेतून नाकाची घडण

प्रश्न : आईच्या नाकावरील त्वचेचा कर्करोग काढल्यावर कपाळाची त्वचा वळवून नाक घडवण्याचे ठरले आहे. त्यासाठी दोन शस्त्रक्रिया का लागतात?
– एक वाचक, कांदिवली

उत्तर : कपाळाच्या त्वचेचा रंग व पोत नाकाशी चांगला जुळत असल्याने तिचा पट्टा, म्हणजे ‘फ्लॅप’, भुवईजवळच्या रक्तवाहिनीसह खाली वळवला जातो, नव्या जागेतून रक्तपुरवठा सुरू होईपर्यंत तो याच देठावर जगतो आणि साधारण तीन आठवड्यांनी देठ कापला जातो, हीच दुसरी शस्त्रक्रिया होय. पुण्यात वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कावसजी या गाडीवानाचे नाक याच तत्त्वावर घडवले होते. त्याचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापला गेला आणि पुढे शल्यचिकित्सक जोसेफ कार्प्यू यांनी ती पद्धत इंग्लंडमध्ये यशस्वी केली, महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात त्या अनाम कारागिराला याहून मोठे स्थान मिळायला हवे.

काढलेल्या भागाच्या कडा रोगमुक्त असल्याची सूक्ष्मदर्शकाखाली खात्री झाल्यावरच पुनर्रचना करणे सुरक्षित ठरते. तंबाखू, विडी किंवा मिश्रीची सवय असल्यास ती आधीच सोडणे अत्यावश्यक आहे, कारण निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावून पट्टा काळा पडू शकतो.